स्पिरिटची चाचणी

तोंड उघडण्याआधी तिला घसा खाकरावा लागला. सकाळपासूनचं ते पहिलंच वाक्य होतं.

"या. पंखा लावू का?"

"पंखा नको ताई, निकाल लावा," प्रिंटरवाला म्हणाला. त्याने खांद्यावरची बॅग उतरवली आणि टेबलाखालचं स्टूल न बघताच ओढून घेतलं. "लग्नाची स्थळं बघतानासुद्धा लोक इतकी पारख करत नाहीत. आमचे साहेब विचारत होते, त्या बाई मशीन विकत घेतायत की दत्तक?"

ती हसली. चहाचे दोन कप आधीच भरून ठेवले होते.

सूक्ष्मदर्शकाखाली पेशी नीट दिसाव्यात म्हणून शाळांच्या प्रयोगशाळांत जे रंग वापरतात, ते ती या खोलीत बनवायची. विरघळवणं, गाळणं, छोट्या बाटल्यांत भरणं, सगळं एकटीच. मागण्या कॉम्प्युटरवर यायच्या. कुरिअरवाला बेल वाजवून दाराबाहेरची खोकी उचलायचा, आणि ती हात पुसून दार उघडेपर्यंत जिना उतरलेला असायचा.

मधल्या टेबलावर दोन प्रिंटर होते, पारखायला म्हणून त्याने आणून ठेवलेले. एक रंगीत इंकजेट. दुसरा थर्मल ट्रान्स्फर, रिबनवरची शाई उष्णतेने लेबलवर उतरवणारा, फक्त काळ्या रंगात. दोन्हींची लेबलं तिने आधी पाण्यात ठेवली होती. त्याचा निकाल बघायला तो आला. मग फ्रीजमध्ये ठेवली, मग खिडकीत उन्हात. दर वेळी तो आला, आणि धाकटीच्या दातदुखीपासून साहेबांच्या केसांच्या टोपापर्यंत सगळं बोलून गेला.

आज स्पिरिट होतं. तिने कापसाचे दोन बोळे भिजवले आणि दोन्ही लेबलांवरून सारख्याच दाबाने फिरवले. काळी अक्षरं होती तशी राहिली. रंगीत लेबलवरचं नाव पसरलं, आणि थोड्या वेळाने तिथे नुसता निळसर डाग उरला.

"झालं!" त्याने मांडीवर थाप मारली. "आता काही बघायचं शिल्लक नाही."

"तेलाची चाचणी राहिलीय."

"तेल? तुमच्या बाटल्यांत तेल कुठून आलं?"

तिने ओले बोळे उचलून डब्यात टाकले. तेल कुठूनच येत नव्हतं.

"ताई, आज काय ते सांगाच. नाहीतर दोन्ही मशीनं उचलून आण, असा हुकूम आहे." त्याने कप खाली ठेवला. "आणि माझं ऐकाल तर काळा घ्या. बाटलीवरचं नाव पुसलं, तर आत काय आहे ते मुलांना कळणार कसं? शिवाय यात बिघडण्यासारखं काही नाहीच. रिबन संपली की तुमची तुम्ही बदलाल. एकदा बसवून दिला की वर्षानुवर्षं माझं तोंड बघायला नको."

हे शेवटचं त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं.

"आणि हा?" तिने रंगीत प्रिंटरकडे बोट केलं.

"हा लाडावलेला आहे. चार दिवस नुसता पडून राहिला की शाई सुकते, नळ्या चोंदतात. मग करा मला फोन. एक केकवाल्या बाई आहेत, त्यांच्याकडे माझं इतकं जाणं होतं की त्यांचा कुत्रा आता मला भुंकत नाही. दिसलो की जाऊन बाईंना बोलावून आणतो."

तिने डाग पडलेलं लेबल उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं.

"हाच ठेवून जा."

"अहो, आत्ता तुमच्या हातानेच याचं लेबल पुसलंत ना?"

"वरून पारदर्शक फिल्म चिकटवीन. मग स्पिरिट लागणार नाही."

"एकेका बाटलीला? हाताने?"

"वेळ आहे मला."

त्याने डोकं खाजवलं. मग स्वतःशीच हसला. "रंग करणाऱ्याला रंगच आवडायचा म्हणा." त्याने काळ्या प्रिंटरची वायर काढली, तो खोक्यात भरला, वर चिकटपट्टी मारली. टेबलाचा अर्धा भाग रिकामा झाला.

खोकं उचलून तो दारापर्यंत गेला आणि थांबला. त्याला तिची कीव आली असावी.

"साहेबांना सांगू नका, पण एक युक्ती सांगतो. रोज सकाळी एक रंगीत लेबल छापायचं. एकच. काम असो नसो. मग हा कधी चोंदणार नाही, आणि मला बोलवायची वेळच येणार नाही."

"आणि नाही छापलं तर?"

"तर आठवड्याभरात बसला म्हणून समजा. पण तुमच्याकडे ती काळजी नाही. तुमच्याइतकं शिस्तीचं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही."

त्याची पावलं जिन्यावरून खालपर्यंत ऐकू आली. फाटक वाजलं. ती आणखी थोडा वेळ दारातच उभी राहिली.

आत येऊन तिने प्रिंटरचं बटण बंद केलं. वायर काढून गुंडाळून ठेवली, वर धुतलेलं फडकं घातलं. मग पेन घेतलं, आणि आज पाठवायच्या बाटल्यांची लेबलं हाताने लिहायला बसली.