गाडी भरलेली हवी

“काच लावा आधी!” अर्पिता ओरडली.

“लावली तर समोरचं दिसंल का मला?” कृष्णराज पुढं वाकून हातरुमालानं समोरची काच पुसत होता. हीटर लावला असता तर काचेवरची वाफ गेली असती, पण मग गाडी धाराशिवच्या दवाखान्यापर्यंत पोचली नसती. तेरा टक्के चार्जिंग उरलं होतं. माकणी गाव मागं पडून बराच वेळ झाला होता आणि थंडीत तो आकडा डोळ्यांदेखत उतरत होता.

अर्पिताच्या मांडीवर दीड वर्षाचा शंभू. श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. प्रत्येक श्वासाला शिट्टी.

मागच्या हिवाळ्यात त्याला पहिल्यांदा धाप लागली, तेव्हा गावात एकही गाडी जाग्यावर नव्हती. ती सकाळ अर्पिता विसरली नव्हती. यंदा ही इलेक्ट्रिक गाडी आली आणि तिनं एकच नियम केला. रात्री दारातली गाडी भरलेली हवी.

पण धरणाच्या कडेचं गाव, थंडी लई. थंडीत गाडी आधीच सावकाश चार्ज होई, त्यात व्होल्टेजची बोंब. घरात दुसरं काही जड चालू झालं की चार्जर लाल दिवा दाखवून गप्प बसायचा. मग गिझर बंद झाला. खोलीतला हीटर बंद झाला. सासूबाई सारजाबाईंनी माळ्यावरची शेगडी काढून दिली. “लाईटीचा काय भरवसा न्हाय बाई. निखारा कसा रातभर ऊब धरतोय.” अर्पिता दार-खिडकी लावून घ्यायची, उंबऱ्याशी गोधडीची घडी सारायची, कुठून गार वारं येत नाही ना ते पुन्हा हात लावून बघायची. कृष्णराज हसायचा. “पोराच्या आधी गाडीला पाजतीस तू.”

यंदा धाप वरचेवर लागू लागली. वरचेवर लागते म्हणून ती गाडीला आणखी जपू लागली.

कालची थंडी सगळ्यांत कडक. रात्रभर लाईट येत-जात राहिली. गाडी निम्मीसुद्धा भरली नाही आणि उजाडताना शंभूचे ओठ निळसर दिसायला लागले.

“अहो, वारं लागतंय त्याला!”

“मग काय, पुलाखाली घालू गाडी?”

ती खिडकीकडं पाठ करून बसली. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं, शिट्टी बारीक झाली होती. तिनं कान लावून ऐकलं. लेकरू मान वळवून उघड्या काचेकडं तोंड करत होतं. तिनं त्याच्या नाकातोंडावर शाल ओढली. त्यानं ती ढकलली. तिनं पुन्हा ओढली.

दवाखान्याच्या दारात गाडी पोचली तेव्हा तीन टक्के उरले होते. “पोचलो बघ,” कृष्णराज म्हणाला.

बालरोगतज्ज्ञ बाईंनी आधी शंभूच्या तोंडाला वाफेचा मास्क लावला. मग कानटोपी काढली, छाती तपासायला वाकल्या आणि वाकलेल्याच थांबल्या.

“याच्या केसांना धुराचा वास येतोय. चुलीवर स्वयंपाक करता?”

“छे!” कृष्णराज म्हणाला. “गॅस आहे मॅडम. गाडीसुद्धा इलेक्ट्रिक आहे आमची. धूर कुठला?”

“झोपायच्या खोलीत काय असतं रात्री?”



“शेगडी,” अर्पिता म्हणाली. “कोळशाची.”

“दार लावून?”

“फट ठेवत नाही मी.”

डॉक्टरांनी मास्कची पट्टी नीट केली. त्या चिडल्या नाहीत, त्यांनी नुसतं विचारलं, “घरात वीज आहे ना? मग शेगडी कशाला?”

“रात्री गाडी चार्जिंगला असते. हीटर आणि चार्जर एकदम चालत नाहीत.”

“रोज? रोज एवढं कुठं जायचं असतं तुम्हाला?”

मास्कमधली वाफ शंभूच्या डोळ्यांपुढून वर जात होती. अर्पिता त्याच्याकडं बघत राहिली.

“कुठंच नाही,” ती म्हणाली. “याला घेऊन इथं यायला लागलं तर, म्हणून.”