एक ओळ कमी

पुढच्या वाक्यावर एल्विरा चोकचं बोट थबकलं.

कोबान शहरातल्या चित्रपट महोत्सवात सकाळपासून ती हेच काम करत होती. पडद्यावरचं माणूस तोंड उघडी, ती बटण दाबी, आणि खाली स्पॅनिशमधली ओळ उमटे. दोन प्रेमप्रकरणं आणि एक आत्महत्या तिनं जेवणाआधीच उरकली होती. पुढची ओळ तिला इतरांच्या आधी दिसे. देवालाही दिसत असणार. त्याला फक्त बटण दाबावं लागत नाही.

आताचा माहितीपट धरणवाल्या कंपनीविरुद्ध होता. महोत्सवाची प्रायोजकही तीच कंपनी, त्यामुळे पहिली रांग तिची. मधोमध तिच्या पहारेकऱ्यांचा प्रमुख एर्विन, ज्याला सगळे अदबीनं ‘डॉन’ म्हणत. निळे डोळे, मांडीवर टोपी, हातात फुकटच्या मक्याच्या लाह्या. पडद्यावर चेहरा झाकलेला एक साक्षीदार केक्ची या इथल्या आदिवासींच्या भाषेत सांगत होता, नदीकाठी गावकऱ्यांवर गोळ्या कोणी झाडल्या ते. आवाजही बदललेला, विहिरीतून आल्यासारखा. कंपनीची माणसं वर्षभर त्याच्या शोधात होती.

आणि पुढची ओळ होती : ‘आता पाववाल्याच्या माडीवर झोपतो. पहाटे भट्टी पेटली की अंथरूण तापतं.’

राजधानीतून आलेल्या दिग्दर्शकाला त्यात काव्य दिसलं असावं. एल्विराला चढावरची ती माडी दिसली. कोबानात पाववाले पुष्कळ. भट्टीवर माडी असलेला एकच. पाव ती तिथूनच घेई.

पहिल्या रांगेला केक्ची कुठून येणार?

तिनं बोट उचललं. साक्षीदार बोलत राहिला. पडद्याचा तळ कोरा राहिला. मग तिनं पुढच्या ओळीचं बटण दाबलं.

“बाई, डोळा लागला की काय?” शेजारी बसलेला दिग्दर्शक फिसकारला. “माझी सगळ्यात सुंदर ओळ खाल्लीत!”

“बटण अडकलं हो.”

“नेमकं तिथंच बरं अडकलं!”

सिनेमा संपला. टाळ्या झाल्या. कंपनीच्या रांगेनंही वाजवल्या, जरा जास्तच जोरात. एल्विरा वायर गुंडाळत होती, तेव्हा डॉन एर्विन सावकाश तिच्या टेबलाशी आला.

“तुमची एक ओळ राहिली,” तो स्पॅनिशमध्ये म्हणाला.

“बटण जुनं झालंय, डॉन एर्विन.”

“असू दे गं, पोरी.”

हे मात्र तो केक्चीत म्हणाला. अस्खलित, थेट तिच्या आजीच्या हेलात. कॉफीमळेवाल्या जर्मनांची मुलं केक्ची दाईच्या कडेवर वाढतात, हे कोबानात कुणालाही विचारा. एल्विरालाही ठाऊक होतं. आज नेमकं सुचलं नव्हतं.

“तोवर मी आपला नुसता वाचत होतो,” टोपी डोक्यावर नीट बसवत तो म्हणाला. “त्या घोगऱ्या बडबडीकडे लक्ष कोण देतो? अक्षरं गेली, तेव्हा कान दिला.”