आडवी माणसं

कर्नल बर्व्यांनी हवालदार सयाजी खोपडेच्या मानेतली चिप उपसली, रुमालाने रक्त पुसलं आणि ती चहाच्या बशीत टाकली.

"हात तुझे, सवय जंगल तुकडीची. मनाला लावून घेऊ नकोस."

काल धर्मशाळेत शिरताना सयाजीच ओरडला होता, "सगळे खाली झोपा." ओलीस धरलेली माणसं मुकाट झोपली. ओलीस सोडवणाऱ्या तुकडीच्या चिपेत झोपलेला आपला आणि उभा तो शत्रू. जंगल तुकडीच्या चिपेत आडवा दिसेल तो दबा धरलेला, त्याला आधी टिपायचा. सयाजीच्या हातांनी तेच केलं. उभे असलेले अतिरेकी मागच्या दाराने पळाले.

"साहेब, निघताना मी विचारलं होतं, चिप कुठली."

"कमांडो तो कमांडो, असं वाटलं मला." बर्व्यांनी बिस्किट बुडवून खाल्लं आणि दुसरी चिप काढली. "उद्या चौकशी आहे. ही शत्रूच्या मुलखात जाणाऱ्या तुकडीची. सोलून काढलं तरी ती पोरं तोंड उघडत नाहीत."

दोघा जवानांनी मागून सयाजीचं डोकं दाबून धरलं. तो शिव्या घालत राहिला आणि मानेत खट् वाजताच गप्प झाला.