रविवारची फेरी

सहाव्या स्टॉपवर बसमावशीचे पाय पुन्हा आपोआप थांबले. समोर रिकामा बाक, धुकं आणि बंद दुकानाचं शटर. रविवारी सकाळी पावणेसातला तिथे कोण चढणार होतं? तरी तिनं सवयीनं मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजले, मागे वळून पाहिलं आणि मगच पुढे पळायला लागली.

बारा वर्षं शाळेची बस चालवणाऱ्या बाईला धावायला दुसरा रस्ता सुचलाच नव्हता. चौदा स्टॉप, जायचे सोळा किलोमीटर, यायचे सोळा. तिची तयारी करून घेणाऱ्या पी.टी.च्या सरांनी कपाळाला हात लावला होता. "मावशी, मॅरेथॉनमध्ये स्टॉप नसतात हो! असं थांबत गेलात तर तुमच्या आधी झाडूवाले पोचतील." सरांचं बरोबरच होतं. पण पायांना कोण सांगणार?

थंडी नुसती मी म्हणत होती. नाक गळत होतं, डावा गुडघा महिनाभर कुरकुरत होता. आठवडाभर साडेचारला उठून पळायचं, आल्यावर डबे भरायचे, सासूबाईंचे पाय शेकायचे, पोरांना हाका मारून घसा बसवायचा, मग बसच्या काचेवरचं दव पुसून पहिली फेरी. सासूबाईंनी तर शेजारणीला सांगूनच टाकलं होतं, "बस चालवणारी बाई स्वतःच पळायला लागली, म्हणजे त्या बसचं काही खरं नाही." तेव्हा तीही हसली होती. आज हसली नसती.

सातव्या स्टॉपच्या अलीकडे नवऱ्याचा फोन आला.

"अगं, धाकट्याला ताप चढलाय. आणि या औषधाच्या बाटलीचं झाकणच उघडत नाहीये."

"दाबून फिरवा."

"दाबतोय की!"

"दाबा आणि फिरवा. दोन्ही एकदम."

"बरं. आई विचारतेय, तू कधी येतेस?"

फोन ठेवल्यावर तिला रडूच आलं. बास झालं. गेली ती मॅरेथॉन खड्ड्यात. नवव्या स्टॉपपर्यंत जायचं, तोंडावर सांगायचं की मला नाही जमणार, आणि मिळेल त्या गाडीनं घर गाठायचं.

नवव्या स्टॉपवर सांगणं भागच होतं. ही सगळी धावाधाव तिथल्याच एका मुलीसाठी होती. मुलगी चाकाच्या खुर्चीत आणि बसच्या दाराला तीन उंच पायऱ्या. बाबांना सुट्टी मिळेल तेवढेच दिवस तिची शाळा. खुर्ची उचलून आत घेणारी लिफ्ट बसवायची, त्यासाठी शाळेतल्या काहींनी मॅरेथॉन धावायची आणि लोकांनी त्यांच्या नावानं देणगी द्यायची, ही कल्पना बसमावशीचीच. स्टाफरूममध्ये टाळ्या पडल्या तेव्हा बरं वाटलं होतं. टाळ्या वाजवणारे या वेळी पांघरुणात होते.

आठव्या स्टॉपवर मेसेज आला. 'झाकण उघडलं. अर्धं सांडलं. एक चमचा पाजला. झोपलाय. आई जवळ बसलीय.'

तिला हायसं वाटलं आणि पाठोपाठ चीडही आली. आता सांगायला कारणही उरलं नव्हतं, उरली होती ती नुसती दमणूक. मग तेच सांगू, ती स्वतःशी म्हणाली. दमलेल्या माणसाला दमले म्हणायची चोरी आहे की काय?

इतके रविवार मुलगी आणि तिचे बाबा घराच्या फाटकातून हात हलवायचे. आज दोघं थेट नवव्या स्टॉपच्या खांबापाशी होते. बाबा काखेत हात घालून कुडकुडत उभे, मुलगी खुर्चीत. अंगात शाळेचा गणवेश, वरून स्वेटर, मांडीवर दप्तर.

"उशीर झाला," मुलगी म्हणाली. "मला वाटलं, बस चुकली."

बाबा ओशाळले. "ऐकतच नाही हो. पहाटेच कपाटातून गणवेश काढून घालायला लावला. म्हटलं, बाळा, आज रविवार, शाळा नसते. तर म्हणते, बस तर येते ना!"

बसमावशी गुडघ्यांवर हात टेकून वाकली. श्वास काही केल्या जागेवर येईना. "दादा, मला तुम्हाला एक सांगायचं होतं..."

"पुढच्या स्टॉपपर्यंत सोडाल?" मुलीनं विचारलं.

बसमावशीनं तिच्याकडे पाहिलं. मग खुर्चीच्या मागे जाऊन दोन्ही मुठी धरल्या, मान वळवून मागे कुणी राहिलं नाही ना ते पाहिलं, आणि ढकलायला सुरुवात केली.

नवव्यापासून दहाव्यापर्यंत सगळा चढ. बसलासुद्धा तिथे दुसरा गिअर लागायचा. खुर्चीचं एक चाक सारखं डावीकडे ओढत होतं, तिचा गुडघा उजवीकडे. बाबा चपला फटफटवत शेजारून पळत होते आणि "मी घेतो, मी घेतो" म्हणत होते. ती देत नव्हती. मुलगी दप्तर घट्ट धरून समोर बघत होती, बसमधली पोरं बघतात तशी. धावणं कसलं, ते चालणंच होतं, आणि तेही रडतखडत. त्या किलोमीटरला तिला सतरा मिनिटं लागली. सगळ्या हिवाळ्यात इतकी वाईट वेळ एकदाही लागली नव्हती.

दहाव्या स्टॉपवर बाबांनी खुर्ची ताब्यात घेतली. त्यांनाही धाप लागली होती. "तुम्ही काहीतरी सांगणार होतात, मावशी."

बसमावशीनं बाहीनं नाक पुसलं. पुढे आणखी चार स्टॉप होते आणि मग परतीचे सगळे.

"पुढच्या रविवारी पाच मिनिटं आधी या," ती म्हणाली. "मी कुणासाठी थांबत नाही."