अकरा मीटर

अपेक्षाने पूररेषा अकरा मीटर मागे ओढली आणि तिची स्वतःची सोसायटी नकाशावर कोरडी झाली.

सहा वर्षं ती शहराच्या हवामान आराखड्यासाठी संशोधन करत होती. पण सिंहगड रोडवरच्या ज्या इमारतीत ती लहानाची मोठी झाली, तीच तिने आखलेल्या पूररेषेच्या आत आली. म्हणजे पुनर्विकास अडकला. शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं. "मुलीला शिकवलं, सोसायटीचं सोनं झालं हो!" जिन्यात कुणीतरी ऐकवलं. सोसायटीचे अध्यक्ष तिचेच वडील, दीनानाथ. पूररेषेविरुद्धच्या हरकतीच्या अर्जावर पहिली सही त्यांची. तिला ते एवढंच म्हणाले होते, "मला याच लोकांत राहायचंय, अपेक्षा." त्यानंतर महिनाभर घरात कुणी धड बोललं नाही.

शेवटी तिने हिशेबातून एकच पूर वगळला, खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर आलेला, सगळ्यात मोठा. वडिलांनाही सांगितलं नाही. सुधारित नकाशा सुनावणीत दिसेलच, मग घर पुन्हा बोलू लागेल, असं तिला वाटलं.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. नकाशा पडद्यावर यायचा होता. त्याआधी हरकतदार म्हणून दीनानाथांचं नाव पुकारलं गेलं.

"आमची हरकत मी मागे घेतोय," ते म्हणाले. मागच्या रांगांत कुजबुज झाली. "खडकवासल्यातून पाणी सोडलं, त्या पुरात तळमजल्यावरच्या शालनताईंना मी पाठीवर घेऊन वर आणलं. पाणी माझ्या छातीला लागत होतं. आणि तिथे पूर येत नाही, असं मीच लिहून दिलं. काल अर्ज पुन्हा वाचला, तेव्हा लाज वाटली."

मग ते अपेक्षाकडे वळले. कितीतरी दिवसांनी त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं.

"ही माझी मुलगी. आम्ही सगळ्यांनी छळलं, मी तर सगळ्यात जास्त. पण ती हलली नाही. तिने आखलेली रेषाच बरोबर आहे."

कुणीतरी टाळी वाजवली. मग बऱ्याच जणांनी.

"मॅडम, नकाशा लावू?" संगणकापाशी बसलेल्या माणसाने विचारलं.

अपेक्षाने दोन्ही हातांनी माइक धरला.

"थांबा," ती म्हणाली. "बाबा, मी हलले."