अब्दाली आतल्या खोलीत

टॅबच्या पडद्यावर भाऊसाहेब पुन्हा एकदा पानिपतावर पडले. पलंगावरच्या विलासरावांनी टॅब छातीवर पालथा घातला.

"हरलो," ते सुनेला म्हणाले. "म्हणजे आज काही मी जात नाही. वाढ."

भिंतीपलीकडे आतल्या खोलीत त्यांच्या नातीने, तनयाने, फोन उशीखाली सरकवला आणि तेव्हा कुठे श्वास सोडला. अब्दाली तीच होती.

गेम सापडला तो कंटाळ्यातून. दिवाळीनंतर दिल्लीची हवा अशी झाली की समोरच्या क्वार्टरातल्या बाईला आपली वाळत घातलेली साडी हाताने चाचपून शोधावी लागे. कॉलेज बंद. तनया लोळत लोळत फोनवर गोळ्या फोडून विटली, गाड्या पळवून विटली, कोंबड्या पाळून विटली. बाहेरच्या खोलीत तिचे आबाही विटले होते, पण ते जगण्याला. कॅन्सर हाडांत पोचला होता. डॉक्टरांनी हात टेकले तसं आबांनी तोंड मिटलं. सूनबाई पेज घेऊन आली की भिंतीकडे वळायचे. तनया म्हणाली, यार, आबांसाठी पण काहीतरी शोधू. त्या शोधात, कुठल्या तरी हौशी पोरांनी बनवलेलं, अख्खं पानिपत हाती लागलं.

आता विलासराव म्हणजे दर संक्रांतीला महाराष्ट्र मंडळाच्या बसने पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला जाणारे. तिथे पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना गाठून, ही लढाई कशी जिंकता आली असती ते सांगणारे. एकदा इतकं सांगितलं की पाहुण्यांची परतीची गाडी निघून गेली, तरी आबांची फौज अजून यमुनाच उतरत होती.

गेम पाहिला आणि म्हातारा उशीला टेकून बसला. वाटीभर पेज प्याला आणि मिशी पुसत जाहीर करून टाकलं, "हे पानिपत जिंकतो आणि मग जातो. त्याआधी यमाचा बाप आला तरी उठणार नाही."

दुसरं कुणी असं म्हणालं असतं तर घर हसलं असतं. पण या माणसाचा शब्द सगळ्यांना ठाऊक होता. ऑफिसात एकदा पंखा बंद पडला, तेव्हा पंखा फिरेपर्यंत खुर्चीत बसणार नाही म्हणाले. दिल्लीचा अख्खा उन्हाळा त्यांनी कपाटावर फायली ठेवून उभ्याने काम केलं. साहेब बदलले, शिपाई बदलला, खुर्चीला वाळवी लागली, हे बसले नाहीत.

म्हणून तनया घाबरली. गेम दोघांत खेळता येत होता. समोर कॉम्प्युटर आहे असं तिने आबांना सांगितलं आणि स्वतः अब्दाली होऊन आत जाऊन बसली. हरायचं नाही, बस्स.

आबा जीव तोडून लढायचे. ती त्यांना दुपार कलेपर्यंत पुढे येऊ द्यायची आणि मग राखून ठेवलेले तोफांचे उंट बाहेर काढायची. उंट निघाले की खेळ संपला. आबा अब्दालीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि दोन घास जास्त खायचे. डॉक्टर महिन्याच्या पुढचं बोलायला तयार नव्हते. इथे संक्रांत येऊन गेली. म्हणतात, यमदूत जिन्यात बसून इतके कंटाळले की खालच्या सरदारणीकडे चहा मागायला लागले.

पण यमदूत खाली थांबले तरी कळा थांबत नाहीत. आबा आटत गेले, दुखणं आटलं नाही. त्यांच्या तोंडून मात्र कधी आवाज आला नाही, म्हणून तनयाला वाटायचं, औषध लागू पडतंय.

एके दिवशी आईने तिला कूस बदलायला हाताशी घेतलं. तनयाने खांदे धरले. उशीलाही याहून जास्त वजन असतं. आबांनी हूं की चूं केलं नाही. वळवून झाल्यावर दिसलं, त्यांच्या दातांत टॉवेल होता, चावून चावून भोकं पडलेला. आईने तो हळूच सोडवला, बाजूला टाकला आणि शेजारच्या चळतीतला दुसरा उचलून उशाशी ठेवला. चळत बरीच उंच होती.

"रोजचंच आहे गं," आई म्हणाली. "तू जा, अभ्यास कर."

दुपारी लढाई लागली. मराठे सरसावले आणि मधेच थांबले. आबांचं बोट उचलेना. तनया कान देऊन बसली. पलीकडे फक्त कापडाची सळसळ. मैदानावर दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या. तिनेही आपला एक स्वार हलवला नाही. बऱ्याच वेळाने मराठे पुन्हा निघाले, वाकडेतिकडे, जखमी जनावरासारखे, आणि थेट तिच्या छावणीपर्यंत आले.

आता उंट. तिचं बोट उंटांवर होतं. तिला उद्याची दुपार दिसली, परवाची दिसली, टॉवेल दिसले. तिने फोन गादीवर ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

पलीकडे नगारे वाजले. जिंकल्याचे नगारे या घराने आधी कधी ऐकलेच नव्हते.

ती डोळे पुसून बाहेर गेली. आबा छताकडे बघत पडले होते. आरडाओरडा नाही, मिशीवर हात नाही.

"जिंकलात आबा," ती म्हणाली.

त्यांनी तिला खुणेने जवळ बसवलं आणि तिच्या हातावर हात ठेवला.

"म्हाताऱ्याला कळ आली की फौज थांबवतो, असला कुठला गं अब्दाली," ते म्हणाले. "मला केव्हाच कळलं होतं, बाई. सोडायला किती उशीर लावलास."