बाल्कनीची खोली

नर्सिंगच्या परीक्षेसाठी रिना पहिल्यांदाच सुरतला निघाली होती, सोबत आई-बाबा, तुळशीबाई आणि मगन. धडगावजवळच्या त्यांच्या पाड्यात रेंज फक्त टेकडीवर येते, म्हणून तिघं तिथे बसून मोबाइलवर स्वस्तातलं हॉटेल शोधत होते.

"हे घेऊ. स्टेशनजवळ आहे, खोलीला बाल्कनीसुद्धा आहे."

मगनने फोटो पाहिला आणि मान फिरवली. "दुसरं बघ."

"का पण? एवढ्या पैशात बाल्कनी कोण देतं? आणि हे वाचा ना, लहान मुलांसाठी एकदम सुरक्षित."

तुळशीबाईने मोबाइल हातात घेतला. फोटोतल्या लोखंडी कठड्यावरून तिने हळूच बोट फिरवलं.



"आम्ही ही बिल्डिंग बांधत होतो तेव्हा हा कठडा नव्हता. तुझा भरतदादा पडला, मग बसवला."